पातूर रोडवरचा लोड

केयूरने नत्थुजींना काट्यावरून खाली उतरवलं आणि चप्पल घालून पुन्हा चढायला सांगितलं. काल चप्पल होती आणि आज नाही, असं चालणार नव्हतं.

"आंगठा तुटला साहेब तिचा," नत्थुजी म्हणाले.

"मग हातात धरा."

नत्थुजी तुटकी चप्पल हातात धरून काट्यावर उभे राहिले. कापूस तोलायचा जुना काटा होता तो. माणूस चढला की जरा बिचकायचा. केयूरने आकडा पाहिला, समाधानाने मान हलवली आणि हाक दिली, "नेक्स्ट लोड!"

नेक्स्ट लोड म्हणजे कमलाकांत गुरुजी.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये जे चाललं होतं ते समजायला अवघड नव्हतं. बॅटरीवरच्या तीनचाकीच्या गिअरबॉक्ससाठी एका कंपनीने नवं तेल काढलं होतं. प्रयोगशाळेत ते उत्तम टिकलं. पण प्रयोगशाळेत एसी असतो. म्हणून खऱ्या उन्हात, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या ओझ्याखाली ते किती लवकर खराब होतं हे मे महिन्यात अकोल्यात पाहायचं ठरलं. आधी गाडीत वाळूची पोती ठेवली होती. पण पोतं सवारीसारखं वागत नाही. ते खड्ड्यात उडत नाही, थुंकायला बाहेर वाकत नाही, 'जरा सरका ना बाप्पा' म्हणून शेजारच्या पोत्याला ढकलत नाही. तेव्हा माणसं ठेवली गेली. एक पोतं मात्र जुन्या सेवेचा मान राखून चौथ्या जागेवर तसंच बसवलेलं होतं.

माणसं मिळायला अडचण नव्हती. अधिक महिना लागला होता आणि लग्नं बंद होती. त्यामुळे लग्न लावणारे गुरुजी मोकळे, वरातीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारे नत्थुजी मोकळे आणि नवरीला बांगड्या भरणाऱ्या हाजराबीही मोकळ्या. एरवी एकाच मांडवाच्या तीन कोपऱ्यांत असणारी ही माणसं आता एकाच गाडीत गुडघ्याला गुडघा लावून बसत.

नियम एकच होता. शेडमधून निघालेली गाडी पातूरच्या पुढचा घाट चढून परत येईपर्यंत थांबवायची नाही. थांबली की तेलाला विश्रांती मिळते, आणि विश्रांती मिळालेलं तेल खोटं बोलतं, असं केयूर म्हणायचा. तो अमरावतीचा होता, त्यामुळे अकोल्याच्या लोकांनी त्याचं म्हणणं जरा सांभाळूनच घेतलं. पण पुढचं सगळ्यांना नीट ऐकू आलं. एक फेरी रद्द झाली तर अख्खा लोड बदलणार. नाही झाली, तर हे तेल संपल्यावर दुसरं, मग तिसरं, कार्तिकापर्यंत हीच माणसं.

कार्तिक हा शब्द गुरुजींनी कानात जपून ठेवला. अधिक संपला की चार मुहूर्त, मग चातुर्मास. तुळशीचं लग्न होईपर्यंत देव झोपणार, आणि देव झोपले की गुरुजींच्या घरची चूलही पेंगायला लागते.

त्या दिवशी घाटापर्यंत सगळं ठीक गेलं. गाडी चालवणारा शाहनवाज दर खड्ड्याआधी "संभालो" म्हणायचा आणि मग खड्डा चुकवायचा नाही, कारण खड्डे चुकवायला मनाई होती. नत्थुजी पोत्यावर बोटांनी ताल धरत होते.

"हे पोतं तुमच्यापेक्षा चांगलं आहे नत्थुजी," हाजराबी म्हणाल्या. "नुसतं ऐकते. बोलत नाही."

"अन् बांगड्याचा भावही करत नाही," नत्थुजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर ऊन गाडीच्या आत येऊन बसलं. बोलणं बंद झालं. थोड्या वेळाने तालही बंद झाला.

"गुरुजी, ह्यायचा घाम बंद झाला," हाजराबी म्हणाल्या.

"बरं झालं ना. सकाळपासून माह्या खांद्याले पुसून राहिले होते."

"मजाक नोका करू. आंग पाहा त्यायचं. तवा आहे तवा."

गुरुजींनी नत्थुजींच्या मनगटाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. नत्थुजींनी डोळे अर्धे उघडले.

"वरात कुठी आली?"

"आली जवळ," गुरुजी म्हणाले.

"घोडा काहून पयते इतका? थांबवा ना त्याले."

शाहनवाजने आरशातून मागे पाहिलं. "थांबवू काय गुरुजी? तिथी लिंबाखाली रसवंती आहे. सावली आहे, पाणी आहे."

मांडवात वेळ सांगायची ती गुरुजींनी, अशी सगळ्यांना जन्माची सवय. तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नत्थुजींचे डोळे तेवढे जरा वर लागले होते. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. लिंब जवळ येत होता. रसवंतीवाल्याने लांबूनच गिऱ्हाईक ओळखून फडका खांद्यावर टाकला.

"शेड किती राह्यलं?"

"अर्धा घंटा."

"मग चालू दे. शेडमधी पंखा आहे."

"गुरुजी!" हाजराबी म्हणाल्या.

"कार्तिकापर्यंत तुमच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार आहे हाजराबी?"

बाटलीत उरलेलं पाणी हाजराबींनी पदरावर ओतलं आणि पदर नत्थुजींच्या डोक्यावर धरला. लिंब मागे गेला. रसवंतीवाला फडका हातात घेऊन गाडीकडे बघत राहिला.

पुढे एका वळणावर नत्थुजींची मान कलली. गुरुजींनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना सरळ बसवलं आणि शेडपर्यंत तसंच धरून ठेवलं. लोड एका बाजूला जाऊन चालत नसे.

शेडच्या दारात केयूर तयारच उभा होता. गाडी थांबायच्या आत तो बाटली घेऊन तिच्याखाली सरकला. बाजूला बर्फाने भरलेला थर्माकोलचा डबा होता.

"साहेब, तो बर्फ द्या!" हाजराबी ओरडल्या.

"तो सॅम्पलचा आहे," गाडीखालून आवाज आला. "गरम तेल लगेच थंड केलं नाही तर बाटलीतही जुनं होत राहतं. दोन मिनिटं, मावशी."

केयूर बाहेर आला. त्याने बाटली उजेडाकडे धरली. तेल मधासारखं स्वच्छ होतं.

"कमाल आहे," तो मनापासून म्हणाला. "एवढं ऊन खाऊन काहीच झालं नाही याला."

त्याने बाटली बर्फात खोल रोवली, वरून आणखी बर्फ लोटला आणि मग गाडीत पाहिलं. "यांना काय झालं?"

शाहनवाजने गाडी वळवलीही होती.

"न्या, न्या," केयूर म्हणाला. "सॅम्पल काढून झालंय. आता थांबलात तरी हरकत नाही."

नत्थुजी दवाखान्याच्या फाटकातच गेले.

केयूरला वाईट वाटलं. दुपारी त्याने जेवणाचा डबा उघडला नाही. कंपनीचा फोन आला तेव्हाही त्याचा आवाज बसलेला होता. कंपनीने दुःख व्यक्त केलं आणि गाडी कुठे थांबली नसल्याने फेरी ग्राह्य धरली. फक्त तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस लवकर हवा होता.

"आधीच्या नोंदींशी जुळायला हवा, गुरुजी. नाहीतर सगळंच नव्याने, नव्या लोकांसकट. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?"

"पाहतो," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी ते नत्थुजींकडे बसायला गेले. नत्थुजींची बायको मनकर्णाबाई भिंतीला टेकून होती. मुलगा पुंजाराम दारात आला. तोही बापाच्याच बँडमधला, ताशा वाजवणारा, महिनाभर घरीच. तो सवयीने पायांशी वाकला, सुतक आठवून मध्येच थांबला आणि दोन पावलं मागे सरला.

"तुमी होते ना गुरुजी सोबत. बाबाले लय तरास तं नाही झाला?"

"नाही रे. वरातीतल्या वरातीत गेले."

मनकर्णाबाईंचा बांध फुटला. पुंजारामने तोंड फिरवलं. सुतकातल्या माणसाला शिवायचं नसतं, आणि गुरुजींनी तर आयुष्यभर हेच लोकांना सांगितलं होतं. पण ते पुढे झाले. त्यांनी पुंजारामला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, घट्ट आवळलं. इतकं, की त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. गुरुजींनी त्याला क्षणभर तसंच तोलून धरलं.

बसायला आलेल्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या. सोवळंओवळं सोडून गुरुजींनी लेकराले पोटाशी धरलं, असं त्या पुढे कितीतरी दिवस सांगत राहिल्या.

गुरुजींनी त्याला हळूच खाली ठेवलं.

"जेवत जा रे बाबा थोडं," ते म्हणाले.