सोळा दातांची चकती

ताईने फेकलेला पाना बारक्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर असा आदळला, की शेजारच्या टायरवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं.

"मारतेस की काय मला?" बारक्या ओरडला.

"मारीनच! रस्त्यावर मरायचंय ना? त्यापेक्षा माझ्याच हातून मर!"

गॅरेज ताईचं. वडील गेल्यावर तिनेच ते चालवलं आणि या धाकट्या भावालाही तिनेच वाढवलं. वाढवलं कसलं, लाडाने डोक्यावर बसवून ठेवलं. आता पठ्ठ्या रोज संध्याकाळी दोन सिग्नलच्या मधल्या रस्त्यावर मोटरसायकलच्या शर्यती लावायचा. परवा ट्रकवाल्याचा थोरला मुलगा हरला आणि त्याने शिवी दिली, तर याने हेल्मेट हाणून त्याचा जबडाच फोडला. आणि एवढं करून आज वर हुकूम काय, तर चेन ओढणारी पुढची चौदा दातांची चकती काढ आणि तेराची बसव! ही चकती लहान असली की गाडी जागेवरून झेप घेते. मोठी बसवली तर पुढे वेग मिळतो, पण उठताना गाडी जड होते. बारक्याच्या शर्यतीचा निकाल सुटतानाच लागायचा, म्हणून त्याला लहान हवी होती.

"तेरा लाव, मग बघ. कुणाच्या बापाला सापडणार नाही मी."

"आणि खांबाला सापडलास तर?"

"बसवतेस, की दुसऱ्याकडे जाऊ?"

दुसरा कुणीही हसत हसत बसवून देईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बसवते बाबा. जा, चहा सांगून ये."

तो गेला. ताईने इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं, चेन उतरवली, चौदाची चकती काढली आणि फळीवरून सोळाची घेतली. हो, सोळाची! दोन-चार वेळा सगळ्यांच्या मागे राहील, पोरं दात काढतील आणि याचं भूत उतरेल, असा तिचा सरळ हिशेब होता. चेन पुरावी म्हणून तिने मागचं चाक जरा पुढे घेतलं, ताण बघितला आणि झाकण लावून टाकलं. आत डोकावणार कोण? बरी खोड मोडते आता, असं म्हणत तिने हात पुसले. तिला हसूसुद्धा आलं.

बारक्या परत आला. त्याने बोटाने चेन हलवून पाहिली आणि गाडी बाहेर काढली. तेवढ्यात समोर टेम्पो करकचून थांबला. ट्रकवाल्याची दोन्ही पोरं उतरली. थोरल्याचा जबडा पट्टीने बांधलेला, धाकट्याच्या हातात लोखंडी कांब. पहिल्याच फटक्यात दारातला काचेचा फलक खळ्ळकन खाली आला. टायरवाल्याने शटर ओढलं.

"पळ!" ताई किंचाळली. "बारक्या, पळ रे!"

त्या क्षणी ती सोळा विसरली होती. अगदी साफ विसरली होती.

गॅरेजपुढचा रस्ता चढाचा. बारक्याने गाडी चालू केली आणि तेराच्या भरवशावर क्लच झटक्यात सोडला. गाडीने एक आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. त्याने पुन्हा बटण दाबलं. गाडी सुरू झाली, चढावर कण्हत हातभर सरकली, आणि कांब त्याच्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज ताईला आतपर्यंत ऐकू आला. तो गाडीसकट आडवा झाला. थोरला त्याच्या गुडघ्यावर उभा राहून नाचला, नाचलाच मेला! ताई जॅकचा दांडा घेऊन धावली. तिने धाकट्याच्या मनगटावर घाव घातला, थोरल्याच्या बांधलेल्या जबड्यावर दुसरा घातला, तो गुरासारखा ओरडला तरी तिसरा घातला. दोघं टेम्पोत शिरून पळाले, तेव्हा ती रिकाम्या रस्त्यावर दांडा आपटत शिव्या घालत होती.

मग ती बारक्याजवळ बसली. त्याचा गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. लोक जमले. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओढणीने रक्त टिपायला लागली.

"ताई," तो म्हणाला, "पहिल्या गिअरला दुसऱ्यासारखी ओढत होती गं. ती तेरा नव्हती ना?"

क्लचप्लेट गेली असेल, पेट्रोलमध्ये कचरा आला असेल... गॅरेजवालीला थापांचा काय तोटा? पण तिला एकही थाप मारवेना.

"सोळा," ती म्हणाली. "तू जगावास म्हणून रे."

बारक्याने धड राहिलेला हात उचलला. तो आता थोबाडीत मारणार असं तिला वाटलं आणि मारावी असंही वाटलं. तिने गाल पुढे केला. पण त्याने तळव्याने तिचं तोंड फक्त बाजूला सारलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "हिला अँब्युलन्समध्ये चढू देऊ नका. माझ्याबरोबर दुसरं कुणीतरी या."