निघण्याआधीचं बसणं

ग्लाशा जिंकून घरी आली तेव्हा सिझ्रानमध्ये असला गारठा पडला होता की लोक व्होल्गेच्या बर्फावरून सरळ मोटारी हाकत होते. पोरीनं दारात बूट काढले, पिशवीतून चषक काढून बापाच्या हातात दिला आणि विचारलं, "गरम पाणी येतंय का?"

"येतंय," रोदिओन म्हणाला. "अगं, पण बोल ना काहीतरी! जिंकलीस की!"

"काय बोलू? समोरचीनं दोन्ही सर्व्हिस जाळीत घातल्या. संपलं."

आणि ती न्हाणीघरात गेली. रोदिओन चषक पोटाशी धरून पाण्याचा आवाज ऐकत उभा राहिला. मग शेजारच्या कापा मावशीचं दार वाजवलं, कारण आनंद झाला की माणसाला कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं.

जिंकली होती ती कझाकस्तानात, शिमकेंतला. टीव्हीवर दाखवतात तसली मोठी स्पर्धा नव्हे. इथं प्रेक्षकांत दुसऱ्या पोरींचे बाप आणि एखादं कुत्रं असायचं. पण तिचा हा पहिलाच चषक. आता तुर्कस्तानात अंतालियाला थोडं बरं खेळली की वरच्या स्पर्धांचं दार उघडणार होतं. हे सगळं रोदिओननं कापा मावशीला इतक्या वेळा सांगितलं की त्या म्हातारीलाही आता टेनिस कळायला लागलं होतं.

ग्लाशाला मात्र दुसरंच सांगायचं होतं. तिला आता खेळायचं नव्हतं. वाक्य एवढंच, पण तोंडातून बाहेर पडेना.

शिमकेंतला शेवटचा पॉइंट झाला तेव्हा समोरची पोरगी तिथंच मातीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. ग्लाशा हात मिळवायला जाळीपाशी गेली आणि तिथंच उभी राहून बघत राहिली. आणि तिला हेवा वाटला. चषक हिच्या हातात, आणि हेवा त्या रडण्याचा. 'हिचं काहीतरी गेलं तरी,' तिच्या मनात आलं. ग्लाशाचं ना काही आलं होतं, ना गेलं होतं. फोटोवाला म्हणाला, "हसा." ही हसली.

हे कधी सुरू झालं, तिलाही सांगता आलं नसतं. कुठं दुखत असतं तर सोपं होतं. खांदा दुखतो म्हटलं तर डॉक्टर होता, मलम होतं, बाप होता. काहीच दुखत नाही, याच्यावर मलम कुठलं?

दुसऱ्या दिवशी ती रॅकेट घेऊन एकटीच बॉयलरघरामागं गेली. रोदिओन पूर्वी तिथंच कामाला होता. सगळ्या वस्तीला पुरणारं गरम पाणी तिथून निघायचं. भिंतीलगत जमिनीखालून नळ गेलेले, त्यामुळं आख्खं गाव बर्फाखाली असलं तरी तेवढी पट्टी कोरडी असायची. पोरगी लहान होती, बायको नुकतीच गेली होती, घरी तिला कुणाजवळ ठेवणार? म्हणून त्यानं उरलेल्या हिरव्या रंगानं भिंतीवर जाळीच्या उंचीची रेघ ओढली, कुठून तरी जुनी रॅकेट आणली आणि म्हणाला, "रेघेच्या वर मार. मी आत आहे." पोरगी मारत राहिली. बाप आत भट्टीजवळ उभा राहून तो आवाज ऐकायचा. आवाज थांबला की धावत बाहेर यायचा.

रेघ अजून होती. ग्लाशानं बॉल मारला. परत आला. पुन्हा मारला. पूर्वी तो ठोका पोटात जाऊन बसायचा, दात शिवशिवायचे. आता बॉल जात होता, येत होता. तिनं हातमोजा काढून भिंतीला तळवा लावून पाहिला. भिंत ऊबदार होती. बरं, असेल.

निघायच्या सकाळी कापा मावशी कोबी भरलेल्या भाजक्या पावांचं, पिरोझ्क्यांचं गाठोडं घेऊन आली. न विचारता आत शिरली आणि दारातल्या बुटांच्या खोक्यावर बसली.

"खा गं बाई, तुर्कांकडं हे मिळायचं नाही. जिंकून आलीयेस ना? मग तोंड असं का, फरशी पुसलेल्या पाण्यासारखं?"

"खेळाडूचं तोंड असंच असतं, कापा," रोदिओन आतून ओरडला. तो रॅकेटी भरत होता. सगळ्यांच्या तारा त्यानंच ताणल्या होत्या, मुठींना नवी पट्टी गुंडाळली होती. "मनातलं समोरच्याला कळू द्यायचं नाही. मीच शिकवलंय!"

"समोर मी आहे रे, गाढवा. मी काय हिच्याशी मॅच खेळतेय?"

ग्लाशानं पिरोझ्की घेतली, चावली, गिळली.

"कशी झालीये?"

"छान."

"मीठ विसरलेय मी त्यात," कापा मावशी म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं पोरीचं मनगट धरलं. "बापाला सांगितलंस का?"

"काय?"

"ते मला काय ठाऊक? जे काय असेल ते."

ग्लाशानं मनगट सोडवून घेतलं आणि आत गेली. रोदिओन गुडघ्यावर बसून पिशवीची चेन लावत होता. गुडघा त्याचा कामातून गेलेला, तरी बसला होता.

"बाबा."

"हं?"

त्यानं वर पाहिलं. त्याच्या मिशीला पट्टीचा एक तुकडा चिकटला होता.

"मिशीला काहीतरी लागलंय," ती म्हणाली.

"असू दे. तुर्कस्तानपर्यंत मी थोडाच येणार आहे! समाऱ्याच्या विमानतळापर्यंत सोडतो आणि मिशी घेऊन परत येतो." तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला, कपाटाला धरून उठला आणि पिशवी दारात नेली. कोट घातला, टोपी घातली, बूट बांधले. ग्लाशानंही बांधले. खाली स्टेशनला नेणारी टॅक्सी येऊन थांबली होती.

"चला," रोदिओन म्हणाला. "बसा."

लांब निघायचं म्हणजे आधी कोट-बुटांसकट घडीभर गप्प बसायचं. कुणी बोलायचं नाही. घरात जो सगळ्यांत लहान, त्यानं आधी उठायचं, आणि तो उठल्याशिवाय मोठ्यांनी हलायचं नाही. रोदिओनच्या घरात हे बायकोनं लावून दिलेलं. ती गेल्यावर तर त्यानं ते एकदाही चुकू दिलं नव्हतं. लहानपणी ग्लाशा बसता बसताच उडी मारून उठायची, "चला, देवाच्या नावानं!" आणि बाप खेकसायचा, "अगं, बूड तरी टेकव! पोचणारबिचणार नाहीस अशानं!"

आता ती रॅकेटींच्या पिशवीवर बसली. रोदिओन स्टुलावर. कापा मावशी खोक्यावर होतीच.

गप्प.

कोटाच्या आत घाम यायला लागला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. आता उठायचं, ग्लाशानं स्वतःला सांगितलं. पाय तिचेच होते, पण सांगितलेलं तिथवर पोचेना. ती समोरच्या कोटांकडं बघत राहिली. आईचा करडा कोट अजून त्याच खुंटीला होता.

खाली भोंगा वाजला.

रोदिओननं पोरीकडं पाहिलं, मग पटकन नजर बुटांवर नेली. बसण्यात असं बघायचं नसतं. कापा मावशीनं खाकरून तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा न बोलता मिटलं.

मग रोदिओनच्या खिशात फोन वाजायला लागला. टॅक्सीवालाच. वाजून थांबला. पुन्हा वाजला. त्यानं कोटावरून तो हातानं दाबून धरला, रडणारं पोर थोपटावं तसा. तिच्याआधी उठायचं नव्हतं त्याला. आणि ती उठत नव्हती.

खाली टॅक्सीचं दार आपटलं. गाडी बर्फात थोडी घसरली, मग आवाज कोपऱ्यावरून गेला. आता समाऱ्याची गाडी मिळत नव्हती, आणि पुढचं विमानही.

रोदिओन वाट बघत होता. पूर्वी भट्टीजवळ ठोका थांबला की तो धावत बाहेर यायचा. आज धावला नाही.

"खांदा का?" त्यानं शेवटी विचारलं. बोलून नियम मोडला होता, पण ते आता कुणाच्या लक्षात आलं नाही.

"नाही."

"कुणी काही बोललं का? तिकडं?"

"नाही, बाबा. काहीच नाही. काहीच होत नाहीये मला. हरले तरी नाही, जिंकले तरी नाही."

रोदिओननं टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्याकडं बघत बसला.

"कधीपासून?"

"माहीत नाही. बरंच झालं."

"आणि मी लोकांना चषक दाखवत हिंडतोय," तो म्हणाला.

"हे बघा," कापा मावशी एकदम म्हणाली, "मी या घरातली नाही, तुमचा नियम मला लागत नाही. मी उठतेय. चहा ठेवतेय." आणि ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. "साखर कुठं लपवलीस रे?"

"खिडकीत!" रोदिओन म्हणाला. तो वाकला आणि आपल्या एका बुटाची नाडी सोडली. दुसऱ्यापर्यंत गुडघा वाकेना. तसाच राहिला, अर्धा वाकलेला.

ग्लाशा त्याच्यासाठी उठायला गेली आणि मटकन खाली बसली. पिशवीवर बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या. अंगठ्यापासून पिंडरीपर्यंत सुया टोचल्यासारखं झालं.

"काय गं?"

"पाय," ती म्हणाली. "मुंग्या."

"चोळ," बाप म्हणाला.

तिनं हातमोजे काढले, बूट उतरवला आणि पाय चोळायला लागली. दुखत होतं. ती हळूहळू चोळत राहिली.