पहिला नकार

आईच्या आयुष्यातल्या शेवटच्या दिवशी मायलेकी समुद्राकाठी बसल्या होत्या, तेही फुकट मिळणाऱ्या वाळूवर. तो दिवस शेवटचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यात रुसणं, फुगणं, सँडलमधली वाळू झटकणं असं सगळं नेहमीचंच होतं.

शहर डोळे दिपवणारं होतं. किनाऱ्याला लागून काचेची उंच हॉटेलं, दारात चकचकीत गाड्या, आणि रस्त्यावर नुसती स्वतःला दाखवायला बाहेर पडलेली माणसं. या दोघींच्या पाठीवर मात्र फुगलेल्या पिशव्या. मुक्काम मागच्या गल्लीत, पलंगावर पलंग रचलेल्या सामाईक खोलीत. तिथं टॉवेलसुद्धा भाड्यानं मिळायचा, म्हणून तोही घरून आणलेला. आखणी सगळी लेकीची. प्यायचं पाणी कुठल्या नळावर भरायचं आणि संध्याकाळी कुठल्या दुकानात पाव स्वस्त होतो, हे ती घरूनच शोधून आली होती.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "इथं पसरले तर शेजारणीच्या तोंडात जातील."

वाळूवर एक पांढरी दोरी बांधलेली होती. पलीकडे हॉटेलच्या छत्र्या आणि निळ्या गाद्यांच्या आरामखुर्च्या. अलीकडे ऊन.

"सावलीला भाडं?" आईनं दोरीकडे बघत विचारलं. "मग ऊन फुकट देतात हे उपकारच म्हणायचे."

तेवढ्यात दोरीपलीकडून मोठी हॅट घातलेल्या एक वयस्क बाई गेल्या. त्यांच्या झग्याची कड उसवून वाळूत लोळत होती. आईनं जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. उसवलेली शिवण दिसली की तिचा हात आपोआप पर्समधल्या सुईदोऱ्याकडे जायचा.

"आई, बस खाली. लष्कराच्या भाकऱ्या नकोत."

"दोन टाक्यांचं काम आहे गं," म्हणत आई दोरी ओलांडून गेलीसुद्धा.

दोन टाके झाले, दहा झाले, पण आई परत येईना. हॅटवाल्या बाईंनी तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. कुणीतरी गार काहीतरी आणून दिलं, त्यात छोटी कागदी छत्री. थोड्या वेळानं आई दोरीपाशी आली.

"येतेस का गं? बाई बोलावताहेत."

"नको. सामान कोण बघणार?"

आता या मायलेकींच्या घरात पहिला नकार कुणी कधी खरा धरत नसे. वाढताना 'नको' म्हटलं की ताटात आणखी पडायचं. नवी चप्पल नको म्हणणाऱ्याला दुकानात नेलं जायचं. लेकीनं लग्नाला नको म्हटलं, तेव्हाही आईनं पुन्हा विचारलं होतं, आणि दुसरा नकार आल्यावर मात्र तो विषय कायमचा मिटवला होता. थोडक्यात, खरं उत्तर दुसरं.

त्या दिवशी आई "बरं" म्हणाली आणि वळून गेली.

लेक मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन बसली. वाचलेली ओळ पुन्हा वाचायची, की नजर दोरीपलीकडे. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात म्हणून पाहिलं. बरं वाटलं नाही. घरी तोंडावर हात धरून हसणारी आई तिथं मान मागे टाकून, सगळे दात दाखवून हसत होती. कुणा परकीशी! लेकीच्या पोटात दुखायला लागलं ते दिवसभर दुखत राहिलं.

संध्याकाळी तिनं विचारलंच. "काय बोलत होतात एवढं?"

"काही नाही गं. बायकांच्या गप्पा."

"मग मी कोण?"

"तू लेक," आई म्हणाली, आणि उशी सारखी करून झोपली. "दरवर्षी याच दिवसांत येतात म्हणे त्या. हौस आहे बाई."

सकाळी आई उठलीच नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. भेटायला आलेले म्हणाले, पुण्यवान बाई, कुणाकडून काही करून घेतलं नाही. लेक मान हलवायची. तिच्या मनात एकच टोचत राहिलं: आपल्या वाट्याचा शेवटचा दिवस त्या हॅटवालीनं नेला.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत ती तीच पिशवी पाठीला लावून एकटी आली. उतरली त्याच खोलीत, फक्त पलंग वरचा मागून घेतला. सकाळी थेट दोरी गाठली. छत्रीखाली तीच हॅट होती आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवलेला.

"अगं, तू पुस्तकवाली ना?" बाई उठून दोरीपाशी आल्या. "आई कुठंय? तिच्यासाठी रोज खुर्ची धरून ठेवतेय मी. लोक भांडतात माझ्याशी!"

तिनं सांगितलं.

बाईंनी हॅट काढली. खाली केस अगदी विरळ होते. "त्याच दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

बाई रडायला लागल्या. लेकीला त्या रडण्याचाही हेवा वाटला. तिला स्वतःला इतकं पटकन कधी जमलं नव्हतं.

"त्या दिवशी तुम्ही काय बोलत होतात?" तिनं विचारलं. याच प्रश्नासाठी ती इतक्या लांब आली होती.

"बोलणं कसलं? उणीदुणी काढत होतो सगळ्यांची. मी माझ्या सुनेची, ती गिऱ्हाइकांची. कंबर सुटली की दोष शिंपिणीला! काय नकला करायची गं ती."

आई नकला करायची?

"माझीही केली का?"

"केली की. 'पाण्याचे नळसुद्धा शोधून आलीय. लेक कसली, सहलीचा मास्तर आहे.'" बाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. मग म्हणाल्या, "तू उन्हात बसली होतीस, मला बरं वाटेना. म्हटलं, पुन्हा विचार तिला. तर म्हणाली, 'नको. पुन्हा विचारलं तर येईल ती. आजचा दिवस राहू दे मला.'"

म्हणजे आई विसरली नव्हती. घरचा नियम तिला पुरता ठाऊक होता, आणि ठाऊक होता म्हणूनच ती "बरं" म्हणून वळली होती. अख्खं वर्ष या बाईंवर जळण्यात गेलं. दिवस यांनी नेलाच नव्हता. तो आईनं स्वतःसाठी ठेवून घेतला होता, हसत हसत, लेकीच्या डोळ्यांदेखत. पोटातलं दुखणं काही थांबलं नाही. फक्त आता ते बाईंमुळे राहिलं नाही.

बाईंनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला. "ये, बसतेस?"

"नको," सवयीनं तोंडातून निघून गेलं.

बाई दुसऱ्या घरच्या. त्यांनी मान डोलावली, हॅट चढवली आणि आपल्या जागी जाऊन समुद्राकडे बघत बसल्या.

ती दोरीपाशीच उभी राहिली. निळ्या गादीवर ऊन सरकत आलं होतं. मग घरात या खोलीतून त्या खोलीत हाक मारावी तशा मोठ्या आवाजात ती त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "मला यायचं होतं, आई. तू पुन्हा विचारायचं होतंस."