गाडीला क्लिअर मारला तो रविवार

लग्न झालं तेव्हा ललित अकोल्याच्या आयटीआयमध्ये शिकवत होता आणि प्रियदर्शनी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. एकाची तरी बदली होईल, असं दोघांनाही वाटायचं. ती काही झाली नाही. मूलबाळही झालं नाही. ललित जठारपेठेत आईजवळ, ती अमरावतीला क्वार्टरमध्ये. शनिवारी कुणीतरी एकानं एसटीत बसायचं आणि सोमवारी पहाटे परतायचं, असा त्यांचा संसार वीसेक वर्षं चालला.

पन्नाशी आली तेव्हा ललितनं शाळेची एक जुनी ट्रॅव्हलर गाडी विकत घेतली. सीट काढून आत पलंग बसवला, ओटा केला, पाण्याची टाकी लावली. "आता ना अकोला, ना अमरावती," तो प्रियदर्शनीला म्हणाला. "दोघंही नोकरी सोडू. सांची, सारनाथ, बोधगया. जिथं मन लागन तिथं राहू." ती हसली होती. रंगही तिनंच निवडला होता, मोरपिशी.

रंगाचं काम त्यानं स्वतःच करायला घेतलं. श्याम नावाच्या मित्राची बाळापूर रोडवर बंद पडलेली दालमिल होती; तिच्या शेडमध्ये गाडी उभी केली. शाळेचा पिवळा रंग घासून काढता काढता दसरा आला. पुट्टी, पाणी-पेपरनं ओली घासाई, प्रायमर, मग मोरपिशी. ललितनं तोवर राजीनामाही देऊन टाकला होता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी शेवटचं काम उरलं, क्लिअर कोट. रंगावरचा तो पारदर्शक थर बसला की चमक येते आणि ऊन-पाण्यानं रंग उडत नाही. त्याचे दोन हात द्यायचे असतात; दुसरा थोड्या वेळानं, पहिला चिकट असतानाच मारावा लागतो. कॉम्प्रेसरचा पाइप ओल्या पत्र्याला लागू नये म्हणून तो धरायला माणूस लागतो. त्यासाठी प्रियदर्शनी अमरावतीहून आली होती.

डाळीची धूळ उडू नये म्हणून त्यांनी शेडची जमीन ओली केली. तोंडाला मास्क बांधले. ललित रंगाची स्प्रे-गन चालवत पुढं सरकायचा, ती मागून पाइप उचलून धरायची. पहिला हात झाला. दोघं शेडच्या दाराशी येऊन बसले. ललितनं मास्क खाली ओढला.

"पहिले सांचीले जाऊ," तो म्हणाला. "तुह्या राजीनाम्याचं काय झालं?"

"मी नाही दिला."

"मंग कधी देतं?"

"मी येऊन नाही राहिली."

त्याला वाटलं, ती यंदाचं म्हणते. "बरं, उन्हाळ्यानंतर निघू."

"तसं नाही हो. गाडीतच नाही, अन् अकोल्यालेही नाही. मी अमरावतीलेच राहीन. एकटी."

ललित तिच्याकडे वळला. "माह्यं काही चुकलं काय?"

"नाही. तुमचं काहीच नाही चुकलं." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "रंग काढाच्या आधी पातूरची लेणी पायले गेलो, दोन दिवस राहिलो न आपण या गाडीत? तुमी चहा केला, खिचडी केली, मले भांड्यालेही हात लावू नाही देला. अन् मी मनात म्हणत होती, सोमवार कधी येते. मलेच माही भीती वाटली. लेणीजवळ बसून मी रडली, तुमाले दिसू नाही देलं. आधी शनिवारची वाट पायत होती मी. ते कधी सुटलं, मलेच नाही समजलं."

"हे आज सांगाचं होतं काय?"

"दर शनिवारी सांगाचं म्हणून येत होती. तुमी इतके खुशीत राहायचे."

तो उठला, पत्र्याजवळ गेला, काही न बघताच परत आला. तिनं घड्याळ पाहिलं. "दुसरा हात माराची वेळ झाली. मारा. वाया जाईन नाही तं."

"राहू दे. मी करतो एकटा."

"पाइप लागन पत्र्याले," ती म्हणाली आणि तिनं पाइप उचलला.

मग दोघांनी ते काम पुरं केलं. मास्कमुळे बोलायची सोय नव्हती. तिच्या बाजूच्या दरवाज्यापाशी त्याचा हात थांबला आणि क्लिअरचा एक ओघळ आला. पुढं त्याचा हात नीट चालला. संध्याकाळच्या एसटीनं ती अमरावतीला गेली. घरी आई, केशरबाई, म्हणाली, "काहून रे, सून जेवाले थांबली नाही?" ललित म्हणाला, "ड्यूटी होती."

आठवड्यानं त्यानं तो ओघळ पाणी-पेपरनं हळूहळू घासून काढला, साऱ्या गाडीला पॉलिश केलं. श्याम बघायला आला. "अबे, शोरूमची वाटते! वहिनीले दाखवली काय?"

गाडीत तिची गोधडी होती, डबे होते. ते परत द्यायला ललित अमरावतीला गेला. क्वार्टरच्या फाटकाशी ती खाली आली. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"लय मस्त झाली."

"एक खेप बसून तं पाय."

ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली, पण दार लावलं नाही. पाय बाहेरच होते. दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "आईले सांगितलं?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली, नाही. "मी येऊन सांगू?"

"नको. मी सांगतो."

ती उतरली, डब्यांची पिशवी घेतली आणि गोधडी छातीशी धरून जिना चढून गेली.

मूर्तिजापूरच्या पुढं ललितला रस्ता दिसेना. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मागं पलंगावर जाऊन तोंड दाबून रडला. एक ट्रकवाला थांबला, काचेवर टकटक करून म्हणाला, "भाऊ, बंद पडली काय?"

"नाही," ललित म्हणाला. "गाडी चांगली आहे."

घरी केशरबाईनं ताट वाढलं होतं. पहिला घास घ्यायच्या आधीच त्यानं तिला सगळं सांगितलं. ती त्याच्या ताटातली भाकर चुरून, त्यावर वरण ओतून, डोळे पुसत म्हणाली, "सून लेकरू एकटं राहिलं थ्या अमरावतीले इतके वर्स. आपणच राहू देलं तिले." ललितला कळेना, आई आपल्यासाठी रडते आहे की तिच्यासाठी.