सृष्टीच्या वारी कोकरं

आमच्या घरात तीन माणसं आणि एक जुनी पिकअप आहे. मी बिभीषण, माझी बायको सृष्टी, आई केराबाई, आणि गाडीचं नाव म्हाळसा. हे नाव आईनं ठेवलं. खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा आधीची आणि बाणाई नंतरची. माझ्या आयुष्यात गाडी आधी आली, सृष्टी नंतर. त्यामुळं लग्न होऊन सृष्टी उंबऱ्यातून आत आली तेव्हाच तिला कळलं की आपण बाणाई आहोत. तिनं मनाला लावून घेतलं नाही. बाणाई धनगराची होती आणि तिच्यासाठी देवाला मेंढरं राखावी लागली होती, हे तिला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "मग मला गाडी शिकवा. सवतीची माहिती असल्याली बरी."

शिकवली. थोड्याच दिवसांत ती माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागली. याचं कारण असं की ती गाडीशी बोलत नाही. मी बोलतो. त्यात माझं लक्ष उडतं आणि गाडीही काही उत्तर देत नाही.

म्हाळसा मूळची पांढरी. आता कुणाला तिचा रंग विचारला तर माणूस आधी आभाळाकडं बघतो आणि मग अंदाजे सांगतो. थंडीच्या दिवसांत सकाळी ती दुसऱ्या गिअरच्या पुढं जात नाही. इंजिनावरचा पट्टाही गार असतो, तो कोकरागत ओरडतो. अगदी बेंऽ करून. गरम झाला की गप्प बसतो. नवीन माणूस गाडीत बसला की खाली वाकून सीटखाली बघतो. आम्ही बघत नाही.

माझा धंदा मेंढरं वाहायचा. मंगळवेढ्याचा बाजार, टेंभुर्णीचा बाजार, नाहीतर मुक्काम हलवणाऱ्या मेंढपाळांचं बिऱ्हाड. सृष्टीचा धंदा कडक भाकरीचा. गल्लीतल्या बायका मिळून ज्वारीच्या पातळ भाकरी करतात, त्या पापडागत कडकडीत होईस्तोवर भाजतात, खोक्यात भरतात, आणि सृष्टी ती खोकी सोलापुरात दुर्गाताईंच्या दुकानात पोचवते. हे दोन्ही धंदे गाडीच्या मागच्या एकाच हौद्यात छान चालले होते. मग एक दिवस दुर्गाताईंनी फार गोड आवाजात सांगितलं, की भाकरी झकास आहे, पण गिऱ्हाईक विचारतंय, ही मटणाची आहे का.

तेव्हा सृष्टीनं वार वाटले. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे. रविवार गाडीचा स्वतःचा. माझ्या वारी संध्याकाळी मी हौदा धुवायचा, आणि तिच्या वारी हौद्यात एक लेंडी जरी गावली तर म्हाळसा विकायची. आलेल्या पैशात दोन छोट्या गाड्या बघायच्या, तिची तिला आणि माझी मला. हे तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, आवाज न चढवता. सृष्टी धमकी देत नाही. ती माहिती देते.

मी हौदा घासायला लागलो. इतका, की बाजारात मेंढरं चढायला कां-कूं करायची. त्यांना वाटायचं हा दवाखाना आहे.

वार वाटल्यावर एक गोष्ट झाली जी वाटणीत नव्हती. आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. तिच्या वारी ती उजाडायच्या आत निघायची तेव्हा मी झोपलेला. माझ्या वारी मी परत यायचो तेव्हा ती चुलीपुढं, बायकांच्या घोळक्यात, पिठानं पांढरी. बायकोची खबर मला गाडीकडून मिळायला लागली. सीटवर घडी घातलेली गोधडी असली म्हणजे ती उंच होऊन बसली होती. पायाखाली शेंगांची टरफलं असली म्हणजे भूक लागली होती. आणि आरसा. आरसा ती तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावून घ्यायची. मी बसलो की मला त्यात मागचा रस्ता दिसायचा नाही, नुसतं आभाळ दिसायचं. तो आरसा मी लगेच सरळ करायचो नाही. भीमेच्या पुलापर्यंत तसाच जायचो. पुढं रस्ता, मागं आभाळ. कधी त्यातून बगळे जायचे, कधी काहीच नाही. मला वाटायचं, मी तिच्या डोळ्यांच्या थोडा खाली बसून चाललोय. मागून येणारे ट्रक दिसायचे नाहीत, ते आपले आपण वाचले.

मग जानेवारी आला आणि हरिबा मामा या मेंढपाळाची मेंढरं आमच्या रानात बसली. रात्रीची मेंढरं बसवली की रानाला आयतं खत मिळतं. म्हणजे रानात पडली तर लेंडी लक्ष्मी आणि हौद्यात पडली तर वाटणी.

गुरुवार होता. सोलापुरात गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती आणि दुर्गाताईंनी जत्रेतल्या पालातल्या दुकानासाठी आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर दिली होती. सृष्टीनं संध्याकाळीच खोकी हौद्यात रचली, ताडपत्री बांधली आणि लवकर झोपली. तेवढ्यात हरिबा मामा आले. कोकरं कोंडायची जाळी फाटली होती आणि ओढ्याला लांडगा दिसला होता. कोकरं नुकती आयांना पिऊन झाली होती. आता रात्रभर ती वेगळीच ठेवायची असतात.

"पहाटंपतोर गाडीत ठिवू का रं?" मामांनी विचारलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्यांच्या काखेतलं कोकरू शिंकलं. कोकरू शिंकलं की माणसाची बुद्धी जाते. मी खोकी पुढं सारली, मध्ये फळी लावली, मागं कोकरं ठेवली आणि ताडपत्री पुन्हा बांधली. सृष्टीच्या आधी उठायचं, कोकरं काढायची, हौदा पुसायचा. सृष्टीच्या आधी मी आजवर कधीच उठलेलो नाही. पण त्या वेळी मला ते साधं काम वाटलं.

जाग आली तेव्हा दारात नुसतं धुकं उभं होतं. म्हाळसा नव्हती. रानात गेलो तर मेंढरंही नव्हती. काळ्या रानात हरिबा मामा एकटेच घोंगडं पांघरून उभे होते आणि शेजारी त्यांची घोडी.

"मेंढरं कुटं?" मी विचारलं.

"गाडीमागं."

त्यांनी हे पाऊस पडला असं सांगावं तसं सांगितलं. मुक्काम हलवायची रीतच अशी आहे. कोकरं गाडीत घालून पुढं न्यायची, ती ओरडत राहतात आणि आया आवाजामागं चालत येतात, हाकावं लागत नाही. सृष्टीनं गाडी काढली, कोकरं जागी झाली, आयांना वाटलं मुक्काम हलला. आणि सृष्टीला वाटलं पट्टा ओरडतोय. तिघांपैकी कुणाचंच काही चुकलं नव्हतं, त्यामुळं सगळं खापर माझ्याकडं येत होतं.

"कुत्रंबी गेलं," मामा म्हणाले. "त्याला वाटलं कामाला निघालो."

मी सृष्टीला फोन लावला. तिनं उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा नियम मीच केला होता.

मग आम्ही घोडीवर निघालो, म्हणजे मामा पुढं चालत आणि मी वर. वर आधीच तवा, कळशी आणि डालग्यातली कोंबडी होती. मी त्यांच्यात बसलो. कोंबडीनं माझ्याकडं बघितलं नाही. धुकं इतकं दाट होतं की घोडीचं डोकं कधी असायचं, कधी नसायचं. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती, कणसं खाली घालून, लग्नात अक्षतांसाठी थांबलेल्या पाहुण्यांसारखी. डांबरावर लेंड्यांची एक रेघ होती, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यापेक्षा सरळ. मी तिच्याकडं बघत होतो आणि म्हाळसा विकली जात होती, लेंडी-लेंडीनं.

रेघ भीमेच्या पुलावर गेली.

पूल दिसत नव्हता. कठडे नव्हते, नदी नव्हती. मेंढरं तेवढी होती. ती धुक्यावर उभी होती, एकाला एक चिकटून, आणि त्यांच्या श्वासाचं आणखी धुकं होत होतं. अलीकडं एक एसटी इंजिन बंद करून थांबली होती, आत सगळे झोपलेले. उसाचा ट्रॅक्टर थांबला होता, त्याचा ड्रायव्हर उसावर चढून पलीकडं बघत होता. कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं. वाजवला तर आपल्यालाच जाग येईल अशी भीती वाटत असावी. मी घोडीवरून उतरलो आणि मेंढरांतून चालत गेलो, कमरेपर्यंत लोकरीत, नदीतून गेल्यासारखा.

मध्यावर म्हाळसा उभी होती. ताडपत्री सोडलेली होती. सृष्टी हौद्यात बसली होती, मांडीवर दोन कोकरं, आणि तिच्याभोवती फाटलेली खोकी. कोकरं अजून गवतही नीट खात नाहीत, पण रात्रभर त्यांनी फळी पाडून पुठ्ठा कुरतडला होता, ती भाकरींवर नाचली होती आणि तिथंच झोपली होती. अर्ध्या मालाचा भुगा झाला होता.

काय झालं ते तिनंच सांगितलं. पुलावर येईस्तोवर गाडी गरम झाली, गिअर बदलायला म्हणून तिनं आरशात बघितलं, तर मागून धुकं चालत येत होतं. आणि धुक्याला कान होते. तिनं गाडी बंद केली. तरी पट्टा ओरडतच होता.

हरिबा मामा आले, एकेक कोकरू उचलून खाली सोडायला लागले. कोकरू खाली आलं की मेंढरांत एक वाट व्हायची, त्या वाटेनं त्याची आईच यायची, दुसरी नाही. हुंगायची आणि घेऊन जायची. आम्ही दोघं ते बघत राहिलो. एसटीतला एक म्हातारा जागा होऊन बघायला आला होता, त्यानं टोपी काढली होती.

शेवटचं कोकरू गेल्यावर सृष्टी म्हणाली, "हात फुडं करा."

मी केला. तिनं तळहातावर एक लेंडी ठेवली.

"आज वार कुणाचा?"

"तुझा."

"मग?"

"विकू," मी म्हणालो. खरं म्हणजे मी रस्ताभर सबबी तयार करत आलो होतो. लांडग्याचीही एक होती. पण ती खोकी बघून एकही बाहेर आली नाही. "विकू. फक्त मग तुझं काय चाललंय ते मला कळायचं न्हाय."

तिनं विचारलं, म्हंजे काय. मग मी तिला आरशाचं सांगितलं. गोधडीचं सांगितलं, टरफलांचं, बगळ्यांचं. माझ्या वारी याच पुलापर्यंत मी तिच्या आरशात बघत येतो, हेही. सांगताना मी लेंडी मुठीत घट्ट धरली होती, का ते माहीत नाही.

खाली नदी असावी, तसा आवाज येत होता.

"अवं, ट्रकखाली गेला असता की," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् मला वाटायचं, मानसाला बायकूपेक्षा गाडीच ग्वाड. वार वाटलं तर तुमी एका शब्दानं न्हाय म्हनला न्हाई. मी वाट बघत हुते, न्हाय म्हनतील म्हनून."

मला तेव्हा जे कळलं ते मी लिहीत नाही, कारण ते कुठल्याही शहाण्या माणसाला आधीच कळलं असतं.

"गाडी ऱ्हाऊ द्या," ती हौद्यातून उतरत म्हणाली. "वार मोडू. माझा माल असला की तुमी यायचं, तुमची मेंढरं असली की मी येनार. आन् भाकरी हौद्यात जायाची न्हाय. जो चालवत नसंल त्याच्या मांडीवर."

"सगळी खोकी?"

"मांडी मोठी करा."

तिनं दुर्गाताईंना फोन करून खरं ते सांगितलं, काही न लपवता. दुर्गाताईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. पुढची ऑर्डर द्यायची की नाही ते जत्रा झाल्यावर बघू, म्हणाल्या. आज जेवढं धड आहे तेवढं आणा, आणि गाडी दुकानापासून लांब लावा.

हरिबा मामांना तसंही नदीपलीकडंच जायचं होतं. त्यांनी मेंढरं पुढं घातली. भुगा त्यांच्या पोत्यात ओतला, कुत्र्यासाठी. उसावरच्या ड्रायव्हरनं आणि एसटीतल्या लोकांनी मिळून म्हाळसाला ढकललं. ती सुरू झाली, पण कुणालाच खात्री वाटेना, म्हणून ते आणखी थोडा वेळ ढकलत आले.

सृष्टी चालवत होती. मी शेजारी बसलो होतो, मांडीवर खोकी, खोक्यांवर खोकी, छतापर्यंत. मला समोरचं काही दिसत नव्हतं. पुठ्ठा दिसत होता, आणि भाजलेल्या ज्वारीचा वास येत होता. मी विचारलं, कुटं आलो. ती म्हणाली, कामती. थोड्या वेळानं म्हणाली, रस्त्यात मोर बसलाय, त्याला जाऊ द्या. आम्ही थांबलो. तो गेला असावा. मग म्हणाली, एक बाई डोक्यावर खाट घिऊन चाललीया आणि खाटंवर तिचा नवरा झोपलाय. मी म्हटलं, त्याला उठवू नको. ती म्हणाली, न्हाई उठवत.

वर्षभरात आम्ही इतकं बोललो नव्हतो. गाडी हळूहळू गरम झाली, ऊन आलं असावं, कारण पुठ्ठा पिवळा व्हायला लागला.

"फुडं समुद्र आलाय," सृष्टी म्हणाली.

सोलापूरला समुद्र नाही. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

"खोल हाय का?" मी विचारलं.

"बघू की," ती म्हणाली, आणि तिनं काच वर केली.