जांभळ्या सालीखालचे हिरवे

मित्रांनो, मी एक जुना रानबटाटा आहे. मला खाऊ नका, एवढी ओळख खरे तर पुरेशी आहे.

माझे पूर्वज खडकाळ उतारावर वाढले. किडीपासून पळता येत नाही, म्हणून आम्ही विष करायला शिकलो, असे लोक कौतुकाने म्हणतात. त्यात तथ्य नाही. ज्यांना विष जमले नाही, ते उरले नाहीत, इतकेच. माझ्या पेशींत काही जनुके आहेत. एकाचे काम संपले की दुसरे ते पुढे नेते आणि शेवटी कडू विष तयार होते. उकळले तरी ते जात नाही. उजेड पडला की ही जनुके अधिक जोमाने कामाला लागतात.

मला काचघरात आणले ते बाईंनी. बाई वनस्पतिशास्त्रज्ञ. शेतातला बटाटा करपा रोगाने बघता बघता मरे. मला तो रोग शिवत नसे. बाईंनी आमची सोयरीक जुळवली. नातवंडे झाली, पतवंडे झाली. अखेर एक जांभळ्या सालीचे वाण निघाले. मातीतून काढताच त्याचे कंद तपासले. विष नगण्य भरले. बाई त्या दिवशी जेवण विसरल्या.

या काचघराची एक रीत होती. नव्या वाणाची उकडलेली फोड बाईंचे गुरू, निवृत्त सर, जिभेवर ठेवून थुंकून टाकत. यंत्र आकडा सांगते, जीभ बातमी देते, असे ते म्हणत.

सर येईपर्यंत बाईंनी उरलेले कंद छायाचित्रासाठी खिडकीत मांडले. सरांना यायला उशीर झाला, कंद उन्हातच राहिले. पांढऱ्या सालीचे असते तर हिरवे पडलेले दिसले असते. हिरवा रंग म्हणजे विष नव्हे, पण उजेड दोघांनाही एकदमच बोलावतो. जांभळ्या सालीने ती खूण झाकली. बाईंनी त्यातलेच काही कंद सालीसकट उकडले.

सरांनी फोड तोंडात घातली आणि जिभेवर घोळवली.

"जरा कडवट लागतंय गं, पोरी."

"शक्यच नाही हो सर. आकडा स्वच्छ आहे. तुम्हीच बघा ना."

त्यांनी कागद पाहिला आणि हसले. "मग माझीच जीभ म्हातारी झाली म्हणायची. आज थुंकत नाही. तुझ्या इतक्या वर्षांच्या कष्टांचं आहे."

त्यांनी बशी संपवली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, मग भ्रम. त्यांना रुग्णालयात हलवले. बाईंनी खिडकीतला उरलेला कंद तपासला. विष कितीतरी पटींनी चढले होते. ती माझी जनुके होती. माझ्यापासून इतक्या पिढ्या दूर जाऊनही ती उजेडाची हाक विसरली नव्हती.

सर वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी रडणाऱ्या बाईंना हळूच सांगितले, "आकडा खोटा नव्हता गं. तो दुसऱ्या बटाट्याचा होता."

ते पुन्हा काचघरात आले नाहीत. बाईंनी ते वाण नष्ट केले, मला मात्र ठेवले. रोज पाणी घालतात. खिडकीला आता काळा पडदा आहे.

मित्रांनो, बटाटे अंधारात ठेवा. हिरवे पडले तर टाकून द्या. आणि घास कडू लागला, तर शेजारी कितीही विश्वासाचा माणूस बसलेला असो, तो गिळू नका.