न मेलेलं आम्ल

हौदातलं पाणी डोळ्यांत उडालं आणि थोरला गुरासारखा ओरडला.

गंज काढून उरलेलं आम्ल संध्याकाळी कॉस्टिक सोडा टाकून मारायचं, म्हणजे त्याची धार घालवायची, आणि मग हौद घासायचा, हे कारखान्यातलं रोजचं काम. आज ते धाकट्या भावाने मारलं होतं. मेलेल्या आम्लात हात घालायला कुणी भीत नसे.

"सकाळी वाटणी मागितलीस आणि आता जीव घेतोस?" डोळे मिटूनच थोरल्याने पहार उचलली.

"दादा, चाळीस किलो टाकलंय! रोजच्याएवढंच—"

पहार कोपरावर बसली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा घाव बरगडीवर. धाकटा भिंतीशी कोसळला, तोंडातून रक्त आलं, तरी तिसऱ्यासाठी पहार वर गेलीच.

त्याच वेळी थोरल्याची बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवून परतत होती. तिने दारातूनच पाण्याची नळी त्याच्या तोंडावर सोडली. "टाका ती पहार! आधी डोळे धुवा!" केस धरून तिने त्याला खाली बसवलं. तो लाथा झाडत होता.

"विचार त्याला, काय कालवलंय हौदात!"

तिची नजर रिकाम्या पोत्यावर गेली. "हा कॉस्टिक सोडा नाही, कॉस्टिक पोटॅश आहे. कुणी आणलं?"

लाथा थांबल्या.

"मीच," थोरला पुटपुटला. "सोडा संपला होता. मीच याला म्हटलं, वजन तेच ठेव."

"अहो, किलोभर खिळे आणि किलोभर बोल्ट, नग सारखे भरतील का? पोटॅशचा कण जड. तेवढ्याच वजनात कण कमी. एक कण आम्लाच्या एकाच कणाला गाठतो, तेव्हा दोघांचं मीठ-पाणी होतं. सोडा चाळीस, तर पोटॅश छप्पन हवं. सोळा किलो कमी पडलं, तेवढं आम्ल जिवंत राहिलं."

थोरल्याने डोळे उघडले. धूसर का होईना, दिसलं. पहिला दिसला तो भावाचा लोंबणारा हात.

देवा, हे माझ्या हातून! तो गुडघ्यांवर रांगत गेला आणि त्याने धाकट्याला छातीशी धरलं.

"निघा दवाखान्यात, दोघंही," ती चष्मा चढवत म्हणाली. "सोळा किलो मी टाकते."

फाटकाशी थोरला हुंदक्यातून म्हणाला, "अर्धा कारखाना तुझा."

"दादा," धाकटा कण्हत म्हणाला, "अर्धा वजनाने, की नगाने?"